हद्दपारबुवांचं दहावं पान

आधी तीनेकेचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. लायडन या डच गावातल्या एका जुन्या खासगी ग्रंथसंग्रहाच्या दुरुस्ती विभागाची ती प्रमुख होती आणि मी तिच्या हाताखालचा एकुलता एक माणूस. ती नसती तर मी आज विमानतळाजवळच्या गोदामात पार्सलांवर स्टिकर चिकटवत उभा असतो. तेही सुपरवायझरची मर्जी असेल तर.

तर त्या शुक्रवारी सकाळी साडेदहाला माझ्या डाव्या हातात साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक पुस्तिका होती आणि उजव्या हातात मामांची सुरी. पुस्तिकेचं दहावं आणि अकरावं पान बाहेरच्या कडेनं एकमेकांना जोडलेलं होतं. मी सुरी आत सरकवली आणि खालून वर ओढली. दोन सेकंदांचं काम. कडेला भुगासुद्धा पडला नाही. मी स्वतःवर खूश झालो. असा मी सहसा होत नाही, आणि होतो तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं.

मी बाइंडर आहे. कराडला मामांचं बाइंडिंगचं दुकान होतं. नववीत गणितानं मला सोडलं, मी शाळा सोडली आणि दुसऱ्या दिवशी मामांनी हातात खळीचं भांडं दिलं. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेला चिकट लगदा. त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे कसर पुस्तकाच्या वाटेला जात नाही. वाचनालयाच्या कादंबऱ्या, कोर्टाची रजिस्टरं, कॉलेजचे थीसिस, सगळं बांधलं. डॉक्टरेटच्या इतक्या जवळ आमच्या घराण्यात दुसरं कुणी गेलं नाही. परीक्षकाकडून परत आलेल्या थीसिसची पाठ बघायची मला खोड होती. वाचलेल्या पुस्तकाची पाठ थोडी तरी मोडते. थीसिसची क्वचितच मोडलेली असायची.

अमृताचा एम.एस्सी.चा थीसिसही मीच बांधला. ती दोनदा तक्रार घेऊन आली, तिसऱ्यांदा तक्रार नसताना आली. पुढे तिची पीएच.डी. झाली, माझं लग्न झालं. अर्थात तिच्याशीच. लायडनच्या सायन्स पार्कमध्ये तिला नोकरी लागली आणि मी तिच्या व्हिसाला पुरवणी म्हणून जोडला गेलो.

इथल्या आमच्या मराठी मंडळात पहिला प्रश्न असतो, "कुठल्या कंपनीत?" दुसरा, "आइंडहोवनला का?", कारण बहुतेकांच्या कंपन्या तिकडे. मी बाइंडर म्हटल्यावर तिसरा प्रश्न येत नाही. मंडळाच्या सभासदत्वाच्या फॉर्मवर नाव, गाव आणि हुद्दा असे तीन रकाने आहेत. तिसरा मी कोरा सोडला, तेव्हा केदार नावाच्या सेक्रेटरींनी फार प्रेमानं त्यात "स्पाउस" लिहून दिलं.

सहा महिने गोदामात काढले. रविवारी आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात मुलांची फाटकी पुस्तकं शिवून द्यायचो, हात विसरू नये म्हणून. तिथं एकदा एक उंच, साठी ओलांडलेली बाई माझ्या मागं येऊन उभी राहिली. कानामागं पेन्सिल, बाहेर सायकलला दोन मोठ्या पिशव्या.

"ही शिलाई तुला कुणी शिकवली?"

"मामांनी."

"मामा कुठल्या संस्थेत असतात?"

"दत्त चौकात," मी म्हणालो.

ती तीनेके. तीन आठवड्यांनी मी तिच्या विभागात सहायक म्हणून लागलो. मधल्या काळात एचआरवाल्यांनी माझं सर्टिफिकेट मागितलं. तीनेकेनं त्यांच्या टेबलावर मी शिवलेलं एक अंकलिपीसारखं पुस्तक ठेवलं आणि म्हणाली, "फाडून दाखवा." ते फाटलं नाही. एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. पुढं वाढवायचं की नाही हे वर्ष संपताना ठरणार होतं. मी सांगतोय तो प्रसंग अकराव्या महिन्यातला.

तिथलं काम मला येत होतं. येत नव्हते ते फॉर्म. तिथं पुस्तकाला बोट लावण्याआधी एक फॉर्म भरतात: पुस्तकाची अवस्था काय, तुम्ही काय करणार, का करणार, न केल्यास काय होईल. आमच्याकडे माणसाच्या ऑपरेशनला याहून कमी लिहितात. माझं डच दुकानातून दूध आणण्यापुरतं आणि इंग्रजी दूध परत करण्यापुरतं. त्यामुळे मी तीनेकेला तोंडी सांगायचो, ती भरायची. असे अकरा महिने सुखात गेले.

मग प्रदर्शन आलं. विषय होता अमेरिकेच्या सुरुवातीच्या साहित्यातले बाहेरचे आणि चाकोरी मोडणारे लोक. आमचे क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची कल्पना काढून वस्तू निवडणारे विद्वान, डॉक्टर रुलॉफ. त्यांना सगळे नुसतं रुलॉफ म्हणत. मी सर म्हणायचो. "सर म्हणू नकोस," असं त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "बरं सर."

विषय मला तीनेकेनं ताकाच्या पेल्यावर समजावला होता. इथं दुपारी ब्रेडवर चीजची एक चकती ठेवून त्याला जेवण म्हणतात, पण सोबत ताक पितात. आमचं दोघांचं तेवढ्यावर एकमत. ती म्हणाली, इंग्लंडच्या राजाची प्रार्थनेची पद्धत ज्यांना पटली नाही अशी काही कुटुंबं पळून इथं लायडनला आली. काही वर्षं इथं राहिली. मुलं डच बोलायला लागली म्हणून घाबरली. मग काही जण जहाजात बसून अमेरिकेला गेले.

"तिथं मग मोकळेपणानं राहिले?" मी विचारलं.

"तिथं त्यांच्यासारख्या लोकांची वसाहत झाली. मग जो वेगळं बोलला त्याला वसाहतीतून हाकललं. ज्यांना हाकललं त्यांतल्या काहींनी पुस्तकं लिहिली. ती या प्रदर्शनात आहेत."

"म्हणजे हाकललेल्यांनी हाकललेले लोक."

"भिंतीवरच्या माहितीच्या पॅनेलसाठी हे वाक्य रुलॉफला दे. तो फार लांब लिहितो."

प्रदर्शनाचा मुकुटमणी होती ती पुस्तिका. चोवीस पानं, तीन भोकांतून ओवलेला दोरा, पुठ्ठासुद्धा नाही. लेखकानं नाव घातलेलं नाही. वसाहतीतून हाकलला गेला, नदीपलीकडे जंगलात जाऊन राहिला आणि वसाहतीच्या वडीलधाऱ्यांवर त्यानं ही पुस्तिका लिहिली, एवढंच माहीत. मी त्याचं नाव हद्दपारबुवा ठेवलं. दुसरी प्रत कुठं असल्याची कुणाला खबर नाही. रुलॉफनी तिच्यावर सव्वादोन मीटर उंचीचं पॅनेल लिहिलं होतं. पुस्तिका कशी लायडनमध्ये हातोहात फिरली, लोकांनी ती कशी चोरून वाचली, एका एकट्या माणसाचा आवाज समुद्र ओलांडून कसा काळजाला भिडला. वाचून मलाही भरून आलं. अमृतानं भाषांतर करून दिलं होतं.

माझं काम साधं. पुस्तक काचेच्या पेटीत उघडं राहावं म्हणून खाली पुठ्ठ्याचा पाळणा करायचा. पाळणा कुठलं पान उघडायचं यावर ठरतो, कारण दोन्ही बाजूंची जाडी बदलते. शुक्रवारी यादी आली: पान दहा-अकरा. पेटी सोमवारी भरायची होती. तीनेकेची शुक्रवारी सुट्टी. इथं चार दिवस काम करणं हा आजार समजत नाहीत.

मी पुस्तिका उघडली आणि दहा-अकरा उघडेना.

याचं कारण सांगतो. पुस्तक पानापानानं छापत नाहीत. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी सोळा पानं छापतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. मग तो कागद तीनदा घडी करतात. शिवल्यावर काही पानं वरून आणि काही कडेनं बंदच राहतात, कारण तिथं कागदाची घडी असते. त्या कापायच्या, मग पुस्तक वाचता येतं. आता हे मशीनवर होतं. तरी कराडला महिन्यातून एखादं पुस्तक यायचं ज्यात एक-दोन पानं बंद राहून गेलेली असत. गिऱ्हाईक नाव प्रेसचं घेत नाही, बाइंडरचं घेतं. म्हणून मामांचा नियम: दुकानातून बंद पान बाहेर जाता कामा नये. बंद पान दिसलं की हात आपोआप सुरीकडे जायचा. वीस वर्षांत एकदाही विचार करावा लागला नाही.

त्या दिवशीही लागला नाही. फॉर्मची आठवण झाली, नाही असं नाही. पण फॉर्म म्हणजे तीनेके, तीनेके म्हणजे सोमवार, आणि घडी कापणं म्हणजे काय दुरुस्ती का? ती तर नुसती सभ्यता. म्हणून मी दहा-अकरा उघडलं. हात चालूच होता म्हणून चौदा-पंधराही उघडलं. मग वरच्या घड्याही. घरी जाताना वाटलं, सोमवारी शाबासकी मिळेल.

सोमवारी तीनेकेनं सायकलची किल्ली टेबलावर ठेवली, चष्मा बदलला आणि पाळण्याकडे पाहिलं. मग पुस्तिकेकडे. मग बराच वेळ माझ्याकडे.

"प्रामोत," ती म्हणाली. माझं नाव प्रमोद, पण शेवटचा द इथं कुणाला झेपत नाही. "हे कुणी उघडलं?"

"मी. यादीत दहा-अकरा होतं. पानं बंद होती. म्हणून."

"म्हणून."

तिनं भिंग काढलं, कडेवरून फिरवलं. "कशानं?"

"मामांच्या सुरीनं."

"धार कुणी लावली?"

"मीच."

"फार सुंदर कापलंयस. एक तंतू उसवलेला नाही. चार वर्षं शिकून आलेल्यांनाही असं जमत नाही."

"थँक यू."

"मी कौतुक करत नाहीये, प्रामोत."

मग तिनं समोर बसवून सांगितलं. पान बंद होतं याचा अर्थ ते कुणी वाचलेलं नव्हतं. छापणाऱ्यानं घडी केली तेव्हापासून परवाच्या शुक्रवारपर्यंत कुणीही नाही. अशी पुस्तिका क्वचित मिळते. तिचा मजकूर नंतर कधीही वाचता आला असता, अगदी खालच्या कडेनं कॅमेरा घालूनसुद्धा. पण ती कुणी उघडली नाही, हे फक्त ती बंद असेपर्यंतच दिसणार होतं.

"मग आता?"

"आता ती एक सुंदर कापलेली पुस्तिका आहे."

मी मनातल्या मनात गोदामात पोचलोसुद्धा. सकाळच्या पाळीला उभा राहिलो. अमृताला काय सांगायचं? तिनं कधी काही म्हटलं नसतं, पण केदारनं मंडळात माझा हुद्दा विचारला तेव्हा तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं उत्तर दिलं होतं, "तो साडेतीनशे वर्षांची पुस्तकं दुरुस्त करतो." दुरुस्त.

"पुन्हा चिकटवू का?" मी विचारलं. "खळीनं. कुणाला कळणार नाही. मी अशी चिकटवीन की भिंगातूनही..."

"ते तुला जमेल, याचीच मला भीती वाटते," तीनेके म्हणाली. "ते केलंस तर तुला मी स्वतः काढीन. चल, वर सांगून येऊ."

बुधवारी मीटिंग ठरली. मधले दोन दिवस मी काय केलं ते आठवत नाही. सगळ्या सुऱ्यांना धार लावली असावी, कारण नंतर त्या फारच चांगल्या चालत होत्या.

मीटिंगला संचालिका हेस्टर, रुलॉफ, तीनेके आणि मी. इथं मीटिंगमध्ये आधी कॉफी आणि एक बिस्किट देतात. एकच. मग डबा बंद करतात. आरोपीलाही मिळतं. मी हातात धरून बसलो.

रुलॉफ संतापले होते, पण आवाज न चढवता. इथले लोक असे संतापतात की आपल्याला वाटतं हवामानाचं चाललंय.

"आपण एका अद्वितीय पुराव्याला मुकलो आहोत," ते म्हणाले. "तो परत येणार नाही. अशा व्यक्तीला संग्रहात काम करू देणं मला योग्य वाटत नाही."

हेस्टरनी लिहून घेतलं. तीनेकेनं कानामागची पेन्सिल काढली.

"कशाचा पुरावा, रुलॉफ?"

"म्हणजे?"

"कशाच्या पुराव्याला मुकलो? मिनिट्समध्ये नीट यायला हवं."

"पुस्तिका न उघडलेली होती, याच्या."

"म्हणजे कुणी वाचलेली नव्हती."

"अर्थात," रुलॉफ म्हणाले.

"मग खाली दालनात ते सव्वादोन मीटरचं पॅनेल आहे," तीनेके शांतपणे म्हणाली, "त्यात ही हातोहात फिरली आणि लोकांनी चोरून वाचली असं आहे. इतक्या चोरून, की घडीसुद्धा मोडली नाही?"

हेस्टरनी पेन खाली ठेवलं. मी बिस्किट खाली ठेवलं.

तीनेकेनं एक जुनं कार्ड पुढं सरकवलं. अकरा वर्षांपूर्वी तिनंच पुस्तिका तपासून नोंद केली होती: पानं न उघडलेली. ते कार्ड रुलॉफनी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर दहा-अकरा मागितलं नसतं. त्यांनी पहिलं पान वाचलं होतं, शेवटचं वाचलं होतं आणि आपोआप उघडतात ती मधली पानं वाचली होती. दहा-अकरा का निवडलं? फार सुरुवातीचंही नको, फार शेवटचंही नको, पेटीत पुस्तक दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं म्हणून. मला एकदम कराडची आठवण आली. पाठ न मोडलेले ते सगळे थीसिस डोळ्यांसमोर रांगेत उभे राहिले.

आता खोलीत मोठी चमत्कारिक परिस्थिती झाली. माझा गुन्हा सिद्ध करायचा तर पुस्तिका कुणी वाचली नव्हती असं म्हणावं लागत होतं. पॅनेल वाचवायचं तर ती आधीच उघडलेली होती असं म्हणावं लागत होतं, आणि मग माझा गुन्हाच राहत नव्हता. पीएच.डी. झालेल्या माणसाला इतका वेळ गप्प बसलेलं मी घरीसुद्धा पाहिलेलं नाही.

"आणखी एक," तीनेके म्हणाली. "शुक्रवारपासून ती उघडी आहे. आज बुधवार. आता तरी कुणी वाचली का?"

कुणीच वाचली नव्हती. सोमवारपासून सगळे पानांच्या कडांबद्दलच बोलत होते.

पुस्तिका मागवली. मीच ती पाळण्यासकट आणली, नव्या आईनं बाळ आणावं तशी. रुलॉफनी हात धुतले, दहावं पान उघडलं आणि जुन्या इंग्रजीतून थेट डच करत मोठ्यानं वाचायला लागले. तीनेके कुजबुजत मला सोप्या इंग्रजीत सांगत होती.

नवव्या पानापर्यंत हद्दपारबुवांचं रडगाणं सगळ्यांना ठाऊक होतं: माझ्या मनाला जे पटलं ते बोललो म्हणून मला हाकललं, माणसाच्या मनावर कुणाची सत्ता नसावी, वगैरे. दहाव्या पानावर ते नदीपलीकडे पोचतात. घर बांधतात. मागून आणखी काही हाकललेली कुटुंबं येतात. आणि मग हद्दपारबुवा नवीन वस्तीत कुणाला राहू देऊ नये त्याची यादी देतात. प्रार्थनेत गाणारे नकोत. प्रार्थनेत टोपी न काढणारे तर नकोतच. एक विधवा स्वतःच धर्मग्रंथाचा अर्थ सांगते, तिला पहिल्या बोटीनं परत पाठवा. कुणा एकानं रविवारी बी पेरलं, त्याला दुसऱ्या. यादी अकराव्या पानाच्या तळापर्यंत गेली. मुळात जमीन ज्यांची होती त्या तिथल्या रहिवाशांचा उल्लेख एकदाच आला, कुंपण किती उंच असावं या संदर्भात.

रुलॉफ वाचता वाचता हळू होत गेले. शेवटच्या ओळीला थांबले. मला आमच्या मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवला. मागच्या महिन्यात हॉटेलच्या किचनमध्ये काम करणाऱ्या दोन मराठी मुलांना ग्रुपमध्ये घ्यावं का, यावर तिथं ऐंशी मेसेज झाले होते. त्याच्या आदल्या दिवशीची चर्चा होती, डच शेजारी आपल्याला कसे आपलं मानत नाहीत.

आधी हसली तीनेके. मग हेस्टर. शेवटी रुलॉफही हसले, पण त्यांनी लगेच वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "हे फार महत्त्वाचं आहे." बुधवारी दहा वाजता जो गुन्हा होता तो साडेदहाला संशोधन झाला. मला वाटलं सुटलो. बिस्किट खाल्लं.

"शोध लागला हे चांगलं झालं," हेस्टर म्हणाल्या. "पण फॉर्म नाही, प्रस्ताव नाही, परवानगी नाही. पुढच्या वेळी आत विनोद निघेलच असं नाही. प्रामोत, तू फॉर्म का भरला नाहीस?"

नववी नापास माणसाला हा प्रश्न इंग्रजीत विचारू नये. मी टेबलावरचा बिस्किटाचा चुरा बोटानं गोळा करायला लागलो. मला डच-इंग्रजीत लिहिता येत नाही, हे इथं आल्यापासून मी बरोबर लपवलं होतं. चष्मा घरी राहिला, हात ओले आहेत, नंतर भरतो.

"कारण मी त्याला शिकवलं नाही," तीनेके म्हणाली. "त्याचे फॉर्म अकरा महिने मी भरत आले. त्याला डच किंवा इंग्रजीत लिहिता येत नाही हे मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. त्याला बसवून शिकवण्यापेक्षा त्याच्या हातून काम करून घेणं सोयीचं होतं. शुक्रवारी मी नव्हते आणि पुस्तिकेवर मी चिठ्ठी लावली नव्हती. विभाग माझा आहे. अहवालात माझं नाव लिहा."

"तीनेके, तुला ठाऊक आहे ना याचा अर्थ?"

"ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हता. नंतर कळला. सहा महिन्यांनी ती निवृत्त होणार होती आणि त्यानंतर दोन वर्षं आठवड्यातून एक दिवस सल्लागार म्हणून येणार होती. आपल्या कामाच्या टेबलाची उंचीसुद्धा तिनं त्यासाठी बदलून घेतली होती. त्या बुधवारनंतर सल्लागाराचा विषय पुन्हा निघाला नाही. इथं कुणी रागावत नाही. विषय निघत नाही, एवढंच.

माझं कॉन्ट्रॅक्ट एका वर्षानं वाढलं. अट दोन. एक, संध्याकाळच्या डच लेखनाच्या वर्गाला जायचं. दोन, घटनेचा अहवाल मी स्वतः लिहायचा, डचमध्ये.

"तू सांग, मी उतरवून घेतो," मी तीनेकेला म्हणालो.

"नाही."

"निदान सुरुवात?"

"मी शेजारी बसते. शब्द विचारशील तर सांगीन. वाक्य तुझं."

चार दुपारी लागल्या. एका पानाला. ती शेजारी बसून ताक पीत होती आणि मी घामाघूम. पहिल्या मसुद्यात मी नऊ वेळा माफी मागितली होती. तिनं आठ खोडल्या. "अहवालात एक पुरते. बाकीच्या जागेत काय केलंस ते लिही." वीस वर्षं मी लोकांचं लिहिलेलं बांधत आलो होतो. स्वतःचं लिहिलेलं पहिलं पान हे, आणि ते चुकीबद्दलचं. खाली सही केली आणि स्वतःच फाइल केलं. कडा न कापता.

प्रदर्शन वेळेवर उघडलं. रुलॉफना मी मानतो. त्यांनी सव्वादोन मीटरचं पॅनेल उतरवलं आणि फक्त अर्ध्या मीटरचं नवीन लिहिलं. पेटीत दहा-अकराच ठेवलं. हाकललेला माणूस दुसऱ्यांना कसा हाकलतो, हे त्यांनी स्वच्छ लिहिलं. पुस्तिका साडेतीनशे वर्षं कुणी वाचली नव्हती हेही लिहिलं. प्रदर्शनाच्या तयारीत ती उघडण्यात आली, असंही एक वाक्य आहे. कुणी उघडली ते नाही. अमृता ते वाक्य बोट दाखवून वाचत म्हणाली, "बघ, अमेरिकेच्या साहित्यात तुझा नंबर लागला. नाव नाही, पण तसं हद्दपारबुवांचंही नाहीये."

केदारही सहकुटुंब आला होता. पेटीपुढं उभा राहून त्यानं सगळं पॅनेल वाचलं. "काय लोक असतात," म्हणाला. खूपच हळहळला.

मी आता फॉर्म भरतो. चुका होतात, पण माझ्या होतात. बंद पान दिसलं की हात अजून सुरीकडे जातो. मग तो खिशात घालतो आणि पेन काढतो. या धंद्यात येणाऱ्या कुणी विचारलंच तर एवढं सांगेन: पुस्तक उघडण्याआधी परवानगी घ्यावी, आणि त्यावर पॅनेल लिहिण्याआधी ते उघडावं. दुसरी गोष्ट फॉर्मवर कुठं छापलेली नाही.

तीनेके जून महिन्यात निवृत्त झाली. परवा तिच्याकडे गेलो होतो, घरी घुसळलेलं ताक घेऊन. तिनं कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत तिच्या आईची पाककृतींची वही, पानं सुटी, रबरबँड लावलेला. चाळीस वर्षं तिनं लोकांची पुस्तकं वाचवली आणि आईची वही अशी. मध्ये कुठंतरी साखर लागून दोन पानं एकमेकांना चिकटली होती.

"ही मी शिवून देतो," मी म्हणालो.

"आत्ता नको. मला अजून ती अशी सुटी हाताळायला आवडते. कधीतरी."

"कधीतरी म्हणजे कधी?"

"मी सांगीन. नाहीतर माझी मुलगी सांगेल."

म्हणून इथं लिहून ठेवतो, तीनेके. ज्या दिवशी निरोप येईल त्या दिवशी मी येईन. वही जुन्या शिलाईनं शिवीन, अशी की कुणी फाडून दाखवू शकणार नाही. कडा कापणार नाही. ती चिकटलेली दोन पानं उघडायची की नाही, ते आधी तुला विचारीन. लेखी, डचमध्ये.